एफ म्हणजे काय

राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या तोंडाला
पहिल्या मजल्यावरचं दुकान.
चपला जिन्याखाली काढा म्हणाले, वर एसी आहे.
एकतीस वर्षं मी गुळाच्या गाळ्यावर बसलो,
गिऱ्हाईक आलं की आधी पाय बघायचो.
टाच भेगाळलेली असली तर भाव एक,
नसली तर दुसरा.

म्हणून भाची म्हणाली, मामा, तू चल,
तुला माणूस कळतो.
मृणाली शिरोलीच्या फौंड्रीसाठी
साच्यांची चित्रं काढते, घरी बसून.
तिचा जुना कॉम्प्युटर एक व्हॉल्व्ह फिरवून दाखवतो
तोवर चहा उकळून खाली येतो.

पोरगं नवीन. छातीवर बिल्ला : प्रज्योत.
केसांना जेल, अंगठ्याला शाई.
"काका, कोअर जितके जास्त तितका भारी.
हा चौदा कोअरचा.
चौदा बैलांचा नांगर समजा."
समजलो.
पण तास एकच पडतंय बाळा,
चौदा बैल वळवणार कुठल्या बांधावर,
हे मनातच म्हटलं.

मग त्यानं आवाज खाली आणला,
मालकाकडं पाठ केली.
"तुम्ही घरचे म्हणून सांगतो. तो नको, महाग पडंल.
हा घ्या. तोच माल. दोन हजारानं स्वस्त."

इथं माणूस विरघळतो.
मीही विरघळलो असतो,
पण हे वाक्य माझंच होतं.
दिवाळीच्या तोंडावर
पिवळाधमक रवा बाजूला सारून
मी असंच म्हणायचो, तुम्ही घरचे, हा नको तुम्हाला,
आणि मागचा काढायचो,
त्याच काहिलीतला,
पावडर मारून तितकाच गोरा केलेला,
फक्त कडेला फुटलेला.
लोक मला पेढे आणून द्यायचे.

मृणालीनं खोका फिरवला.
आकड्यांच्या शेपटाला एक अक्षर होतं.
मी चष्मा वर केला :
"बाळ, हे एफ म्हणजे काय?"

प्रज्योत एफकडं बघत राहिला.
एकदा एका मास्तरीणबाईंनी
रव्यावरचे पांढरे डाग दाखवून विचारलेलं,
तेव्हा मी असाच डागाकडं बघत राहिलो होतो.

"फास्ट," तो म्हणाला. "एफ फॉर फास्ट, काका."

(साखर फुललीय बाई, मी म्हणालो होतो.
त्यांनी अर्धा किलो जास्त घेतला.)

मी हसलो. मृणाली हसली नाही.
एफ असला की आत चित्र दाखवायची सोय नसते, तिनं सांगितलं,
कार्ड वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर पडदा काळा.
म्हणजे आज दोन हजार वाचवायचे
आणि पुढच्या आठवड्यात सहा-सात घेऊन
हाच जिना चढायचा.

पोराच्या कानाच्या पाळ्या लाल.

आता हा लबाड की अडाणी?
लबाडाचे कान लाल होत नाहीत म्हणावं
तर माझे व्हायचे.
घरी गेल्यावर, हात धुताना.

"दोनच महिने झालेत इथं," तो म्हणाला.
"आधी महाद्वारात चपला विकत होतो.
तिथं पाय घालून तरी बघता यायचं."

बिलाच्या पाठीवर त्यानं लिहून घेतलं :
एफ, चित्र नाही.
मृणालीनं कमी कोअरचा घेतला,
एकेक कोअर दमाचा, शेपटाला अक्षर नसलेला.
मी पाचशे कमी करून घेतले. सवयीनं.

जिन्याखाली एक बाई चपला काढत होत्या.
सोबतचं पोर म्हणत होतं, चौदावालाच पायजे.
मी माझ्या चपलेचा अंगठा नीट करत
मुद्दाम रेंगाळलो.

वरून हाक आली, "या ताई, या."
मग तोच आवाज खाली आला,
अगदी त्या पट्टीत,
"तुम्ही घरच्या म्हणून..."
आणि एसीचं दार मिटलं.